सरकी, निकेल आणि क्लोरीनचं देणं

वऱ्हाडातल्या कापसाचा इतिहास रुईच्या अंगाने लिहिला जातो. गाठी किती बांधल्या, भाव काय फुटला, मुंबईहून बोटीत किती चढलं, हेच त्यात मोजलेलं असतं. पण जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस टाकला, तर रुई निघते जेमतेम ३४-३५ किलो. उरलेला बहुतेक भार सरकीचा. यवतमाळच्या काळ्या वावराची आणि आधुनिक रसायनशास्त्राची जी गाठ विसाव्या शतकात पडली, ती उकलायची तर सरकीच्या मागे जावं लागतं.

वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी निजामाकडून १८५३ मध्ये आपल्या हाती घेतला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अचानक आपल्या काळ्या मातीची आठवण झाली. पुढे हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. यवतमाळ हे जिल्ह्याचं नाव १९०५ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच मुर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत किलिक निक्सन कंपनीची अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आली. लोकांनी पुढे तिला शकुंतला म्हटलं. ती आता धावत नाही, पण तिचं काम काय होतं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागत नाही. ती गाठी न्यायला आली होती. रुई गाडीत बसली आणि सरकी मागे राहिली: काही पेरायला, काही ढोरांच्या गव्हाणीत, काही तेलाच्या घाणीवर.

वऱ्हाडातून गाठी बाहेर जात होत्या त्याच काळात, १९०४ मध्ये, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पॉल साबातिए या प्राध्यापकाने सहकाऱ्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्लोरोबेंझीन म्हणजे बेंझीनच्या कड्याला क्लोरीनचा एक अणू चिकटलेला पदार्थ. त्याची वाफ आणि हायड्रोजन वायू त्यांनी एकत्र करून तापवलेल्या बारीक निकेलवरून जाऊ दिला. पलीकडे क्लोरीन सुटा झाला, हायड्रोजनशी जोडून आम्ल बनून गेला, आणि कड्यावर त्याच्या जागी हायड्रोजन बसला. प्रदूषण हा शब्द तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. डीडीटीला कीटक मारता येतात हे कळायला अजून ३५ वर्षं होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्बनला चिकटलेला क्लोरीन कसा काढावा, हे माणसाला आधी कळलं. तो क्लोरीन शेतांवर आणि गावांवर पसरवण्याचं काम त्याने नंतर केलं.

साबातिएंची निकेलशी ओळख त्याही आधीची. १८९७ मध्ये त्यांनी आणि तेव्हाचे त्यांचे सहकारी सॉंदरॉं यांनी निकेलच्या साहाय्याने एथिलीनला हायड्रोजन जोडून दाखवला होता. १९१२ मध्ये साबातिएंना नोबेल मिळालं ते याच मार्गावरच्या कामासाठी. निकेल इथे करतं काय, तर हायड्रोजनच्या रेणूची जोडी फोडून एकेक अणू आपल्या पाठीवर घेतं आणि शेजारी येऊन टेकलेल्या पदार्थाला देतं. स्वतः मात्र शेवटी होतं तसं उरतं. अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो.

सारी क्रिया निकेलच्या पृष्ठभागावर होते, गाभ्यातला धातू बसून राहतो. म्हणून निकेल शक्य तितकं पसरायला हवं. कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नकोच. दाबून बांधलेली गाठ आणि पिंजलेला कापूस, वजन एकच. पण पिंजल्यावर त्याने घर भरतं. निकेल पिंजण्याची युक्ती म्हणजे आधार. सिलिका, ॲल्युमिना किंवा सक्रिय कोळसा, ज्यांच्या एकेक ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर भिंती असतात, असा सच्छिद्र पदार्थ घ्यायचा. तो निकेलच्या क्षाराच्या द्रावणात भिजवायचा, वाळवायचा, भाजायचा आणि मग तापवून त्यावरून हायड्रोजन सोडायचा. भिंतीभिंतीवर निकेलचे कण बसतात, काही नॅनोमीटर आकाराचे, एकमेकांपासून वेगळे. आधारावरचं निकेल म्हणतात ते हे.

इथून गोष्ट पुन्हा सरकीकडे येते. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने याच निकेलने पातळ तेल घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेत सरकीचे ढीग होतेच. १९११ मध्ये तिथे सरकीच्या तेलापासून केलेलं घट्ट चरबीसारखं क्रिस्को बाजारात आलं आणि ज्या तेलाला कुणी विचारत नव्हतं ते घराघरांत शिरलं. मग या धंद्यात मरे रेनी नावाचा अभियंता आला. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथल्या तेलाच्या कारखान्यात १९१५ मध्ये त्याने नोकरी धरली होती आणि तेल घट्ट करायला लागणारा हायड्रोजन तयार करण्याची यंत्रणा त्याच्याकडे होती. वापरात असलेलं निकेल त्याला मंद वाटे. त्याने निकेल आणि सिलिकॉनचा मिश्रधातू केला, अल्कलीत टाकून त्यातला सिलिकॉन विरघळवला, आणि उरलेलं निकेल ज्या तेलावर तपासलं ते तेल सरकीचं होतं. जुन्या निकेलपेक्षा ते पाचपट तेज निघालं. पुढे सिलिकॉनच्या जागी त्याने ॲल्युमिनियम घेतलं. १९२७ च्या पेटंटपासून जगभर ते रेनी निकेल म्हणून ओळखलं जातं. ते आधारावर बसवलेलं नसतं, स्वतःच मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. क्लोरीन काढण्याच्या पुढच्या संशोधनात त्याचं नाव सतत येतं.

महाराष्ट्रात निकेल आलं ते मुंबईच्या शिवडीतून. हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना तिथे १९३२ मध्ये सुरू झाला आणि १९३७ मध्ये डालडा आलं. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. आपल्याकडे सुरुवातीला त्यात मुख्यतः शेंगदाण्याचं तेल असे, सरकीचं तेल नंतर आलं. लग्नाच्या पंगतीतली जिलबी आणि दिवाळीचे शंकरपाळे ज्या तुपात तळले गेले, ते निकेलवरून गेलेलं होतं. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे किंवा धान्य मोजलं जाई. तेलाचा एकेक थेंब निकेलशी टेकेल अशी व्यवस्था त्या कारखान्यात होती, टाकी होती, दाब होता, तापमान होतं आणि शेवटी निकेल गाळून परत घेतलं जात होतं. हे सगळं नीट जमत होतं, कारण तेल एका ठिकाणी होतं.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गायगी कंपनीत पाउल म्युलरला डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. पाच क्लोरीन असलेला हा रेणू १८७४ मध्येच कुणीतरी बनवून ठेवला होता; त्याचा उपयोग ठाऊक नव्हता. म्युलरला १९४८ मध्ये नोबेल मिळालं. आज डीडीटीचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. मला तसं करवत नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी डीडीटी बनवायला सरकारने हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली, आणि १९६०च्या दशकाच्या मध्याला हिवतापाचे रुग्ण लाखाच्या घरात उतरले. पैनगंगेकाठच्या रानात, कोलाम पोडांवर आणि गोंडांच्या गावांत थंडीतापाने माणसं कशी जात, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांनी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या फवाऱ्याची किंमत कमी करू नये.

पण भिंतीवरचा फवारा वावरात गेला, आणि तिथे हिशेब बदलला.

पहिल्यांदा आली बीएचसी पावडर. बेंझीनवर प्रकाशात क्लोरीन सोडला की ती बनते, सहा कार्बन आणि सहा क्लोरीन. एवढं सोपं, म्हणून एवढं स्वस्त. तिच्यातला कीड मारणारा भाग, ज्याला लिंडेन म्हणतात, दहा-पंधरा टक्केच. बाकीचे ८५ टक्के किडीला फारसं काही करत नाहीत, पण मातीत जाऊन बसतात. पाश्चात्त्य देशांत हा निरुपयोगी भाग वेगळा काढून टाकत, त्याचे डोंगर तिथे कारखान्यांमागे साठले. आपल्याकडे पावडर सगळीच्या सगळी विकली गेली आणि तो डोंगर मूठमूठ करून शेतांवर पसरला गेला. मग एंड्रिन आलं, सहा क्लोरीनचं. ते इतकं जहरी की महाराष्ट्रातल्या खेड्यांत एंड्रिन हा जीव देण्याच्या औषधाचाच शब्द झाला. औषध बाजारातून गेलं, शब्द राहिला. नंतर एंडोसल्फान, त्यातही सहा क्लोरीन.

औषध हा शब्द मी मुद्दाम वापरला. वऱ्हाडात कास्तकार विष फवारत नाही, तो औषध मारतो. कृषी केंद्रातून औषध आणतो, पंपात औषध टाकतो. पिकाला रोग झाला, त्याला औषध दिलं, हा आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्याचा विचार आहे आणि त्यात माया आहे. या मायेनेच बाटलीवरच्या लाल त्रिकोणाकडे पाहू दिलं नाही, असं मला वाटतं.

१९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हे जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण आलं. उत्पन्न वाढलं, खत वाढलं, हिरवीगार पऱ्हाटी पाहून अळ्याही वाढल्या. १९७६ मध्ये नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. देशातल्या पेरणीखालच्या जमिनीपैकी कापसाखाली पाच टक्के, आणि देशातल्या कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी त्याच्यावर, असा हिशेब विसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितला जाई.

ही क्लोरीनची औषधं जात का नाहीत? कार्बन-क्लोरीनचा जोड पाणी सहज तोडत नाही आणि बहुतेक जीवाणूंकडे तो तोडण्याची हत्यारं नसतात. शिवाय हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. म्हणून ते चाऱ्यातून म्हशीत, म्हशीतून दुधात आणि दुधातून लेकरात जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा राज्यांतलं गाई-म्हशींचं दूध तपासलं होतं. बहुतेक नमुन्यांत डीडीटीचे अंश होते. शरीर डीडीटीवर थोडं काम करतं, एक क्लोरीन काढून टाकतं. पण त्यातून बनणारं डीडीई मूळ डीडीटीपेक्षाही चिवट असतं.

बंदी एकेक करून आली. शेतीत डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, एंड्रिन १९९० मध्ये, बीएचसी १९९७ मध्ये. टिकून राहणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविरुद्धचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, भारताने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. एंडोसल्फान १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. त्यामागे केरळमधल्या कासरगोडच्या काजूबागांतल्या माणसांचं दुखणं होतं. बंदीने नवं येणं थांबतं. आधीच गोदामात, पिंपात आणि कारखान्यांच्या गाळात असलेल्याचं काय करायचं, याचं उत्तर बंदीत नसतं.

इथे निकेल पुन्हा पुढे आलं. क्लोरीनचा कचरा जाळता येतो, पण भट्टी ११०० अंशांच्या वर नीट धरून ठेवता आली नाही तर त्यातून डायॉक्सिन बनतात, आणि ते मूळ कचऱ्यापेक्षा भयंकर. निकेलवर हायड्रोजन देऊन क्लोरीन काढला तर तिथे ऑक्सिजनच नसतो, मग डायॉक्सिन बनणार कशातून? आणि कार्बनचा सांगाडा शाबूत राहतो. क्लोरोबेंझीनचं बेंझीन होतं, हायड्रोजन भरपूर असेल तर त्याच्याही पुढे जाऊन सायक्लोहेक्झेन. ज्याला आपण कचरा म्हणत होतो तो पुन्हा कामाचा माल होतो. साबातिएंच्या त्या जुन्या प्रयोगाकडे लोक १९७०-८० नंतर नव्या गरजेने वळले. विजेच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी तेल, कारखान्यांतले क्लोरोफिनॉल, रंगांच्या धंद्यातले डायक्लोरोबेंझीन यांवर काम झालं. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतही हायड्रोजनने क्लोरीन काढणाऱ्या उत्प्रेरकांवर अनेक वर्षं संशोधन झालं आहे.

पण क्लोरीन सुटताना निकेलला मारून जातो. सुटलेला क्लोरीन हायड्रोजनशी मिळून आम्ल होतो, आणि ते आम्ल निकेलवरच चढून त्याचं क्लोराइड करतं. क्लोराइड झालेले कण भटकतात, एकमेकांना भेटून मोठे होतात, म्हणजे पिंजलेला कापूस पुन्हा गाठीत जमा होतो. कधी आधाराच्या छिद्रांत काजळी धरते. चार दिवस झक्क काम केलेला उत्प्रेरक पाचव्या दिवशी थंड पडतो. तेलाच्या कारखान्यात निकेलला हा शत्रू नव्हता.

म्हणून पुढचं बरंचसं संशोधन आम्लाचा बंदोबस्त करण्यात गेलं. कुणी मिश्रणात सोडा घातला, म्हणजे आम्ल जन्मताच मीठ होऊन बाजूला पडतं. कुणी आधारच बदलला, ॲल्युमिनाऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घेतलं, जे स्वतः आम्ल गिळतं. कुणी निकेलमध्ये चिमूटभर दुसरा धातू मिसळला. पॅलेडियम हे काम निकेलपेक्षा कमी तापमानाला आणि चटकन करतं, पण पॅलेडियमचा भाव सोन्याच्या पंगतीतला. आपल्यासारख्या देशाला परवडेल असं निकेलच, म्हणून या धातूला नीट वागवायला शिकणं ही चैनीची गोष्ट नाही.

आणखी एक धोका आहे, तो क्लोरीन अर्धवट काढण्याचा. तीन क्लोरीनच्या ट्रायक्लोरोएथिलीनमधले दोन काढून थांबलं तर विनाइल क्लोराइड उरतं, आणि त्याने कर्करोग होतो. डीडीटी-डीडीईचं वर आलंच. तेव्हा काम पुरं व्हायला हवं. १९९० नंतर जमिनीखालच्या पाण्यासाठी लोखंडाच्या चुऱ्याच्या भिंती पुरण्याची कल्पना कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातून आली. प्रदूषित पाणी त्या भिंतीतून झिरपताना क्लोरीन सोडतं. त्या लोखंडावर निकेलचा पातळ थर दिला तर काम कितीतरी वेगाने होतं: लोखंड गंजताना पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि निकेल तो उचलून क्लोरीनवर घालतं. पण निकेलही विषारीच. ते पाण्यात उतरलं तर एक विष काढून दुसरं घातल्यासारखं. गंजणाऱ्या लोखंडावर ते किती वर्षं धरून राहील, हा प्रश्न त्या कामात सतत आहे.

यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर नागपूरची नीरी आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ मध्ये पर्यावरण हे नाव घेतलेली ही संस्था स्टॉकहोम कराराचं आशियातलं एक प्रादेशिक केंद्र आहे. पीसीबीसाठी भारत सरकारने २०१६ मध्ये आदेश काढला, ३१ डिसेंबर २०२५ नंतर त्याचा वापर नाही. म्हणजे प्रश्नाचं ज्ञान आपल्या दारात आहे.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरात यवतमाळचं नाव देशभर गेलं. पाऊस लांबला होता, पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळीने आणि रस पिणाऱ्या किडींनी वावरं भरली होती. पाठीवर बॅटरीचे पंप होते, जुन्या हातपंपापेक्षा बारीक तुषार उडवणारे. उंच पिकात शिरलेला माणूस स्वतःच्याच फवाऱ्यात चालत होता. जिल्ह्यात ८०० हून अधिक जणांना विषबाधा झाली, २० हून अधिक कास्तकार आणि मजूर गेले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरल्या. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, आणि पाच औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली.

ती पाच नावं रसायनाच्या नजरेने वाचायला हवीत. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण: पहिल्यात एक क्लोरीन आणि एक ब्रोमीन, दुसऱ्यात दोन क्लोरीन. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण: दोन आणि एक. ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस आणि डायफेंथियुरॉनमध्ये क्लोरीन एकही नाही. मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसची औषधं मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं विकर अडवून मारतात, त्यात क्लोरीनचा दोष नाही. ही औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत. टिकाऊ विष सोडून आपण तात्काळ विषाकडे आलो. जमिनीचा भार हलका झाला आणि फवारणाऱ्याच्या छातीवरचा वाढला. निकेलने त्या माणसांपैकी एकालाही वाचवलं नसतं. हे स्पष्ट सांगणं मला भाग वाटतं, कारण एखादं तंत्र चांगलं असलं की त्याच्याकडून सगळीच उत्तरं मागण्याची सवय आपल्याला आहे.

निकेलला पदार्थ एका जागी लागतो, टाकीत, नळीत, मोजता येईल असा. एकरावर पसरलेला ग्रॅमभर क्लोरीन त्याच्या हाती लागत नाही. पण फवारणीच्या हंगामानंतर यवतमाळच्या सोळा तालुक्यांत क्लोरीन अजून एका जागी असतो: मुदत संपलेल्या बाटल्यांत, कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, गोठ्याच्या आढ्यावर अर्ध्या उरलेल्या डब्यात, बोगस म्हणून जप्त केलेल्या मालात. झरी-जामणीतला डबा आणि घाटंजीतली बाटली गोळा करून, क्लोरीनवाली वेगळी आणि फॉस्फरसवाली वेगळी अशी निवडून नागपुरापर्यंत नेणारी गाडी हवी. रुईसाठी अशी गाडी एकदा इथवर आणता आली होती.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. रिकामे डबे आणि उरलेलं औषध पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने नष्ट करावं, असं त्यातला ४४ वा नियम म्हणतो. डबे फोडावेत आणि वस्तीपासून दूर पुरावेत, हेही त्याच नियमात आहे. वैशाखात या जमिनीला हात जाईल इतक्या भेगा पडतात, आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतूनच खाली उतरतं.